वैऱ्याची साक्ष

टिलरी मळा, मिसिसिपी
९ फेब्रुवारी १८९३

जोथम टिलरी यास,

तू जिवंत आहेस असं कळलं. पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. मला तुझ्याशी गप्पा मारायच्या नाहीत, काम आहे.

आमच्या राज्यानं कायदा केला आहे, की दक्षिणेकडून लढताना जायबंदी झालेल्या आणि आता हलाखीत असलेल्या शिपायांना वर्षाकाठी पेन्शन द्यायची. मी अर्ज केला. जखम होताना प्रत्यक्ष पाहिलेला एक तरी माणूस शपथेवर साक्षीला हवा, असा नियम आहे. आमच्या तुकडीतले जे त्या दिवशी अटलांटाबाहेरच्या ओढ्याकाठी होते, ते काही तिथेच पुरले गेले, काही नंतर मेले. डॉक्टरही मेला. उरलास तू.

माझ्या उजव्या कोपराचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. हात अजून अंगाला आहे, पण हात म्हणण्यासारखा नाही. वाळून फांदी झाली आहे. जखम पुरती भरत नाही, मधूनमधून हाडाची किरच बाहेर येते. स्वयंपाकीण रोज सकाळी धुऊन पट्टी बांधते तेव्हा कुठे दिवस निघतो. हे डाव्या हातानं लिहितो आहे, अक्षराला हसू नकोस.

पेन्शनच्या मंडळावर होरेस बर्डेट बसला आहे. कुंपणापलीकडच्या बर्डेटांचा पोरगा. त्यांची डुकरं आमच्या मक्यात शिरायची, त्यातली दोन माझ्या बापानं गोळी घालून मारली होती. त्याचं उट्टं हा आता काढतो आहे. भर सभेत म्हणाला, "टिलरी, हात लढाईत गेला की कापसाच्या यंत्रात?" लोक हसले. युद्धानंतर मी बापाच्या सरकी काढायच्या यंत्रावर काम करत होतो हे खरं, आणि त्या यंत्राच्या दातऱ्यांत हात गेलेले दोघं-तिघं तालुक्यात आहेत हेही खरं. मी त्यांतला नाही.

तुला माझ्या चाकरीला लढाईवर पाठवताना बाप म्हणाला होता, पोराला सांभाळ. तू मला गाडीत टाकलंस आणि त्याच रात्री उत्तरेच्या यांकींच्या छावणीत पळालास. ते मी आज उकरत नाही. तू नोटरीसमोर जा, पाहिलंस ते सांग, सही येत नसेल तर अंगठा लाव, आणि कागद पाठव. खर्चासाठी एक डॉलर ठेवला आहे. उरेल तो तुला.

स्वयंपाकीण गावात निघाली आहे, तिच्या हाती हे टपालात टाकायला देतो.

एन्सेल टिलरी

*

टोपेका, कॅन्सस
२६ फेब्रुवारी १८९३

एन्सेल टिलरी,

या गावात जोथम टिलरी नावाचा माणूस नाही. जोथम ग्रेसन आहे. लोहारकामाचं दुकान आहे त्याचं, हाताखाली दोन माणसं आहेत. पोस्टमास्तरनं पाकीट नाचवत विचारलं, "हे नाव तुझं का रे?" मी म्हटलं, "होतं."

मी तुला 'तू' म्हणतो आहे हे तुझ्या लक्षात आलं असेल. सवय कर.

डॉलर परत पाठवला आहे. मलाही पेन्शन आहे, वॉशिंग्टनहून येते, दर महिन्याला. तुला गाडीत टाकून पळालो तो चॅटानूगाला जाऊन यांकी फौजेचा निळा डगला घातला. पुढे नॅशव्हिलला मांडीत गोळी लागली, ती तुमच्याच लोकांची. माझ्या साक्षीदारांना कोणी हसलं नाही.

पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस म्हणतोस. विचारायची गरजच नाही. माझा पत्ता जगात एकाच जागी छापला आहे. नाताळात मी आमच्या चर्चच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: माझी बहीण डायसी, टिलरी मळ्यावरून लहानपणी विकली गेली, कुत्रा चावून डाव्या कानाची पाळी फाटलेली, कोणास माहिती असल्यास खालील पत्त्यावर कळवावे. तुझ्या हाती पत्ता लागला तो तिथूनच. म्हणजे मी कोणाला शोधतो आहे हे तू वाचलंस. वाचून एवढं लांबलचक पत्र लिहिलंस, त्यात तिचं नाव नाही.

तुझा हात मला चांगला आठवतो. तू पाइनच्या बुंध्याला टेकून मक्याची भाकरी खात होतास, मी ओढ्यावरून पाणी घेऊन येत होतो. गोळा फुटला. तू ओरडलास ते नंतर, आधी भाकरीकडे पाहत राहिलास, कारण ती हातातच होती आणि हात उलटा वळला होता. मी खेचराच्या लगामाचा पट्टा कापून तुझ्या दंडाला आवळला आणि पाठीवर घालून तुला जखमींच्या गाडीपर्यंत नेलं. त्यात माया होती असं समजू नकोस. जखमी मालकाला घेऊन मागे जाणाऱ्या गुलामाला वाटेत कोणी अडवत नाही. तू माझा परवाना होतास.

हे सगळं मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण आधी तू सांग. डायसी कुठे आहे?

जोथम ग्रेसन

*

टिलरी मळा
१५ मार्च १८९३

जोथम,

चार अक्षरं काय शिकलास, तुला शिंगं फुटली. ज्या घरचं खाऊन वाढलास त्याच्याशी सौदा करतोस.

डायसीचं विचारतोस, तर ऐक. बापानं तिला प्रुइट नावाच्या दलालाला विकलं. तो त्याची माणसं घेऊन टेक्सासला गेला. पुढे तिकडे पीतज्वराची साथ आली, त्यात त्याची बरीच माणसं दगावली असं ऐकलं. तीही गेली असेल. मी तेव्हा मिसरूड न फुटलेला पोरगा होतो, विकणारा बाप होता, आणि बाप मातीत आहे. त्याला विचार.

झालं समाधान? आता माझं काम कर.

इथे माझी काय दशा आहे ते तुला कॅन्ससमध्ये बसून कळायचं नाही. बायको गेली. पोरं मेम्फिसला रेल्वेत लागली, ती पत्रसुद्धा पाठवत नाहीत. निम्मी जमीन गहाण आहे, उरलेली कसायला दोन हात लागतात. बर्डेट दुकानाच्या पायरीवर बसलेला असतो आणि मी दिसलो की म्हणतो, "टिलरी, सलाम तरी ठोक, उजव्या हातानं." तुला मात्र वॉशिंग्टन पोसतं. ज्यांनी आमची घरं जाळली त्यांच्या पंगतीला बसून जेवतोस आणि वर मला विचारतोस, सांग म्हणून.

सुनावणी जूनच्या पहिल्या सोमवारी आहे. त्यानंतर वर्षभर नाही. पुढच्या वर्षापर्यंत हा मळा माझा राहील असं मला वाटत नाही.

स्वयंपाकीण अंड्यांची टोपली घेऊन दारात खोळंबली आहे, म्हणून पुरे करतो.

एन्सेल टिलरी

*

टोपेका
४ एप्रिल १८९३

एन्सेल टिलरी,

डायसीला नेलं त्या दिवशी माझ्या आईनं तुझ्या बापाचे पाय धरले होते. मी तिच्या मागे उभा होतो. तुझा बाप म्हणाला, "रडू नकोस गं, मोबीलला चांगल्या घरी चालली आहे." मोबील आमच्याकडून दक्षिणेला, समुद्राच्या अंगाला. टेक्सास पश्चिमेला. मेलेल्या टिलरीनं आणि जिवंत टिलरीनं खोटं बोलायचं तर निदान दिशा तरी एक ठरवून घ्यायची होती.

तुझा बाप मात्र त्या दिवशी खोटं बोलला नसावा असं मला वाटतं. खोटं बोलायला माणसाला समोरच्याची थोडी तरी भीती लागते. त्याला आमची नव्हती. तुला आहे. कसली ते मला कळत नाही.

आता माझी अट ऐक. तुला माझी शपथ हवी ना, मग मलाही तुझी हवी. तुझ्या तालुक्याच्या न्यायाधीशासमोर बायबलवर हात ठेव, डावा चालेल, आणि लिहून दे की डायसी कुठे आहे ते मला माहीत नाही. तो कागद हातात पडला की उलट टपाली माझी साक्ष येईल.

तोवर मी आणखी एकाला पत्र टाकलं आहे. कोणाला ते विचारू नकोस.

जोथम ग्रेसन

*

टिलरी मळा
२४ एप्रिल १८९३

जोथम,

पाद्र्याला लिहिलंस. समोरासमोर लढायची तुमची रीतच नाही.

काल रविवारी तुमच्या लोकांच्या चर्चमध्ये त्यानं तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. मी तिथे नव्हतो, पण तिथे कोण कुठे बसलं होतं तेसुद्धा आज मला रस्त्यावरचं शेंबडं पोर सांगेल. 'डाव्या कानाची पाळी फाटलेली' इथवर तो आला, आणि मागच्या बाकावरून माझी स्वयंपाकीण उठली, डोक्याचा रुमाल सोडला आणि सगळ्यांना कान दाखवला.

हो. माझी स्वयंपाकीण. वाचलंस ते बरोबर वाचलंस.

ती युद्धानंतर मोबीलहून पायी परत आली, तुमच्या आईला शोधत. आई तोवर गेली होती. तुझं विचारलं तेव्हा मी सांगितलं की तो यांकींकडे पळाला आणि मेला. तेव्हा इथे सगळे तेच म्हणत होते आणि मलाही तेच खरं वाटत होतं, हे मात्र तुला मानावं लागेल. ती राहिली. इथल्याच एकाशी लग्न केलं, तो वारला, आणि माझी बायको गेल्यावर ती माझ्याकडे कामाला आली. पगारावर. फुकट नाही.

काल दुपारी ती आली ती थेट बैठकीत. मी खुर्चीत होतो. बस म्हणालो, बसली नाही.

"मालक, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"जानेवारीपासून."

"कसं कळलं?"

"तू चर्चमधून साबण आणलास, त्याला गुंडाळलेल्या कागदावर छापलं होतं."

"म्हणजे कागद मीच घरात आणला, आणि मला वाचता येत नाही."

"हो."

"तुम्ही तो वाचत होता तेव्हा मी कुठे होते?"

"कॉफी ओतत होतीस."

तिनं खाली पाहिलं. मग म्हणाली, "आणि ती कॅन्ससची पत्रं? तीही मीच टाकली ना टपालात?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू गेली असतीस."

"हो," ती म्हणाली, "गेले असते."

बस, एवढंच. रडली नाही, आरडाओरडा नाही. तो केला असता तर मलाही चार शब्द सुनावता आले असते. पट्टी सकाळची होती, ओली होऊन पिवळी पडली होती. तिनं ती पाहिली. बोट लावलं नाही. तिचं बोचकं घेतलं आणि पायऱ्या उतरून गेली. तिकिटाचे पैसे चर्चनं जमवले आहेत म्हणे.

आज चूल पेटलेली नाही. थंड कॉफी पिऊन हे लिहितो आहे. दातांत पट्टी धरून एका हातानं गाठ मारून पाहा, म्हणजे कळेल.

मी तुझ्या बहिणीला उपाशी ठेवलं नाही, तिच्यावर हात उगारला नाही, म्हातारपणी रस्त्यावर टाकलं नाही. तालुक्यात विचार. आणि तू माझ्या घरातलं माणूस चोरून नेलंस.

असो. तुला हवं होतं ते मिळालं. आता माझं दे. सुनावणी पाच जूनला आहे.

एन्सेल टिलरी

*

टोपेका
१४ मे १८९३

एन्सेल टिलरी,

डायसी पोचली. फलाटावर आम्ही दोघं एकमेकांना ओलांडून पुढे गेलो. मी पोरगी शोधत होतो, ती पोरगा. गाडी गेली, फलाट मोकळा झाला आणि दोन टोकांना दोन म्हातारी माणसं उरली. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तू जोथम नसशील तर मला परतीचं तिकीट काढून दे, माझ्याजवळ पैसे नाहीत." मग मी तिचा कान पाहिला.

मी दोनदा मोबीलला जाऊन आलो आहे. बंदरावर, चर्चांतून, दफनभूमीत विचारत फिरलो. तुझ्या मळ्यावर शोधायचं मात्र माझ्या मनातही आलं नाही. पिंजऱ्यातून सुटलेला माणूस दुसऱ्याला शोधायला पिंजऱ्यात जात नाही. पाद्र्याला लिहिलं तेही तुझं टेक्सासचं खोटं वाचून. तू खोटं बोलला नसतास तर मला संशय आला नसता.

तू म्हणतोस, मी तुझ्या घरातलं माणूस चोरलं. हे वाक्य मी माझ्या बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सुंभ जळला, पीळ जात नाही." मला यापेक्षा चांगलं उत्तर सुचलं नाही.

तू तिला उपाशी ठेवलं नाहीस. मान्य. पण भाऊ मेला असं समजून ती तुझ्यासमोर चुलीशी उभी राहायची, तुझ्या हातातला पू धुवायची, आणि तू तो हात तिच्या मांडीवर ठेवून गप्प बसायचास. जानेवारी ते एप्रिल, रोज सकाळी. मी तुझ्या बापाला ओळखत होतो. त्यानं तिला एकदाच विकलं.

आता साक्षीचं. माझ्यावर तुझं काही देणं नाही. सांग म्हटलं होतं, तू सांगितलं नाहीस, मी शोधलं. बायकोचं मत पडलं की साक्ष चुलीत घाल. "गरज सरो, वैद्य मरो ही त्यांची रीत. एकदा आपणही करून पाहू." मी डायसीला विचारलं.

ती म्हणाली, "हात खरंच तोफेनंच गेला?"

"हो. माझ्या डोळ्यांदेखत."

"मग तसं लिही. खोट्याच्या घरात फार दिवस राहिले, मला आता त्याचा वास सहन होत नाही."

म्हणून साक्ष पाठवतो आहे. नोटरीचा शिक्का आहे, सही माझी आहे. त्यात ओढा आहे, गोळा आहे, लगामाचा पट्टा आहे. मी तुझ्या बापाची मालमत्ता होतो हे आहे, मी पळालो आणि तुमच्याविरुद्ध लढलो हे आहे. माझी बहीण तू कशी दडवलीस तेही आहे. शेवटी लिहिलं आहे की या माणसाचं भलं व्हावं अशी माझी इच्छा नाही, पण सांगितलं आहे ते खरं आहे. शिक्का प्रत्येक पानावर आहे, एकही पान गाळता यायचं नाही. द्यायची तर सगळी दे, चारचौघांत वाचू दे. नाहीतर देऊ नकोस.

तुझ्या पहिल्या पत्राची पहिली ओळ 'तुझी बहीण माझ्याकडे आहे' अशी असती, तर साक्ष फेब्रुवारीतच आली असती. आणि डायसी जाताना कोणाला तरी पट्टी बांधायला शिकवून गेली असती, कारण तिचा स्वभाव तसा आहे. हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक असायला हवं.

जोथम ग्रेसन

*

टिलरी मळा
७ जून १८९३

जोथम,

तुझा कागद मी दोन वेळा चुलीपाशी नेला. दोन्ही वेळा परत खिशात घातला. सावकाराचा माणूस आदल्याच दिवशी येऊन खेचर पाहून गेला होता, नाहीतर कागद जळला असता.

सोमवारी कचेरी खच्चून भरली होती. मागे दाराशी तुमचे लोकही उभे होते. कारकुनानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ओढ्यापर्यंत ठीक होतं. तू पळालास तिथे कुजबुज झाली. निळ्या डगल्यापाशी कोणीतरी थुंकलं. डायसीचं आलं तेव्हा मात्र सगळे माझ्याकडे बघायला लागले, आपलेच लोक, ज्यांच्याबरोबर मी चर्चमध्ये बसतो. मी समोरच्या भिंतीकडे पाहत होतो. त्या भिंतीला एक तडा आहे, तो कुठून कुठे जातो ते आता मला पाठ आहे.

वाचून संपलं तसा बर्डेट उठला.

"काळ्याची साक्ष," तो म्हणाला, "तीही पळपुट्याची, तीही यांकी शिपायाची. टिलरीला सगळ्या दक्षिणेत एक गोरा माणूस मिळाला नाही. फेका ती बाहेर."

अध्यक्ष म्हातारा न्यायाधीश विल्कर्सन आहे, अर्धवट बहिरा. तो म्हणाला, "होरेस, जरा मोठ्यानं सांग. या माणसाला टिलरीबद्दल काय वाटतं?"

"द्वेष करतो त्याचा."

"किती?"

"आत्ताच ऐकलं ना तुम्ही. बरं व्हावं अशी इच्छा नाही म्हणतो."

"मग टिलरीला पैसे मिळावेत म्हणून तो खोटं कशाला बोलेल?"

बर्डेट खाली बसला.

म्हातारा म्हणाला, "आज सकाळपासून मी मित्रांच्या साक्षी ऐकतो आहे. एकेकाचा मित्र एकट्यानं अख्खी पलटण कापून काढतो. या बाबानं टिलरीच्या बाजूनं एक अक्षर जास्तीचं घातलेलं नाही. त्याला टिलरीला सोलायचं होतं आणि त्यानं सोललं, माझ्या डोळ्यांसमोर. तरी हात तोफेनं गेला म्हणतो. तर तो तोफेनंच गेला. मंजूर."

असं झालं. तुझ्या द्वेषावर मला पेन्शन मिळाली. अंगावरचे कपडे उतरवून हातात पैसे ठेवावेत तशी.

बाहेर पडताना बर्डेट दाराशी होता. "अभिनंदन, टिलरी," तो म्हणाला. "आता स्वयंपाकीण ठेवायला पैसे झाले. मिळते का बघ."

मिळत नाही. मी चार घरी निरोप पाठवला. तुमच्या बायका दारसुद्धा उघडत नाहीत, आतूनच सांगतात, जमणार नाही. गोरी बाई ही जखम धुवायची नाही, तिला मी म्हणायचोही नाही. हात सुजला आहे. वास येतो. डॉक्टर म्हणतो, कापून टाकू. मी म्हटलं, कापायचा असता तर अटलांटालाच कापू दिला असता.

तुझे आभार मानणार नाही. खरं लिहिलंस ते माझ्यासाठी नव्हे.

दुसरं असं. डायसी जखमेला एक मलम लावत असे, हिरवट, कडू वासाचं. तिला विचार, त्यात काय घालतात. फुकट सांग म्हणत नाही. आणि तिला परत यायचं असलं तर पगार वाढवून देईन. चुलीपाशी नवीन पत्राही मारून घेईन, गळत होतं म्हणायची.

एन्सेल टिलरी

*

टोपेका
२१ जून १८९३

एन्सेल टिलरी,

तुझं पत्र डायसीला वाचून दाखवलं. ती घेवड्याच्या शेंगा सोलत होती. पेन्शन मिळाली हे ऐकून तिनं मान हलवली. बर्डेटचं ऐकून हसली. हात सुजल्याचं आलं तेव्हा तिनं शेंग खाली ठेवली आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं.

पुढचं तिचं आहे. ती बोलते तसं उतरवून घेतो आहे.

"मालक, मी परत येणार नाही. पगाराचं बोलू नका, पत्रा तुमच्यासाठी मारून घ्या. मलम माझ्या आईचं आहे. ते कागदावर सांगून जमत नाही, पाला हातानं ओळखावा लागतो. मी निघताना पाद्र्याच्या बायकोला शिकवून आले आहे. रविवारी प्रार्थना झाली की ती चर्चच्या अंगणात आजाऱ्यांना बघते. तुमच्या घरी ती येणार नाही, मी विचारलं होतं, नाही म्हणाली. तुम्ही तिथे जायचं. आमची माणसं असतील, त्यांच्या मागे बसायचं. नंबर लागेपर्यंत वेळ जातो, पण बाक सावलीत आहे. तिला ताई म्हणा. तोवर पट्टी रोज बदला, पाणी उकळून घ्या, आणि गाठ जखमेवर मारू नका, बाजूला मारा."

तिचं इथे संपलं. माझ्याकडून एवढंच, की यापुढे पत्र पाठवू नकोस. आलं तर न उघडता परत जाईल.

हे सगळं लिहून झाल्यावर मी तिला विचारलं, त्यानं जे केलं त्यावर हे तरी कशाला सांगतेस. तिनं शेंगांची परडी पुन्हा मांडीवर घेतली आणि म्हणाली, "हात त्याचा आहे रे. पण इतकी वर्षं जगवला मी."

जोथम ग्रेसन